छोट्या हॅचबॅकमध्ये घरच्या घरी बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी नवी असते तोवर तिचं सगळंच गोड लागतं. मग हळूहळू हेडलाइट मिणमिणते वाटू लागतात, हॉर्न पिपाणीसारखा ऐकू येतो, चढावर एसी लावला की इंजिनाला धाप लागते आणि सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवू लागतात. माझ्या दोन छोट्या हॅचबॅकवर मी हे उद्योग केले आहेत. काही जमले, काही अंगाशी आले. ओळखीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. बोल्टचा टॉर्क, फ्यूजचा आकडा, टायरमधली हवा अशा बाबतीत मात्र तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं.

सुरुवात कुठून करू?

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करण्यापासून. एका मित्राला पिकअप वाढवायला वेगळा एअर फिल्टर बसवायचा होता. गाडी घेऊन आला तेव्हा मागचं डावं चाक हात लावू नये इतकं तापलं होतं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, त्यामुळे ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. केबल बदलली, पिकअप परत आला आणि फिल्टरचं नाव पुन्हा निघालं नाही.

तेव्हा आधी एवढं बघून घ्या: टायरचं वय आणि हवा, अलाइनमेंट, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, प्लग आणि एअर फिल्टरची अवस्था, इंजिनाचे रबरी माउंट, शॉकअपमधून तेल गळतंय का, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली आहे का. यातलं निम्मं जागेवर आलं तरी गाडी बदलल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट. छोट्या गाडीत जास्तीचं काही दिलेलं नसतं. अल्टरनेटर लागेल तेवढाच मोठा, वायर लागेल तेवढीच जाड, स्प्रिंग ठरावीक वजनापुरती, डिस्क ठरावीक वेगापुरती. मापात शिवलेल्या सदऱ्यासारखं आहे ते: एका जागी ओढलं की दुसऱ्या जागी उसवतं. म्हणून कुठलाही बदल करताना याचा भार पुढे कशावर येणार, हे आधी विचारायचं. माझा क्रम ठरलेला आहे. टायर, मग ब्रेक, मग दिवे, मग बसायची जागा आणि आवाज, मग सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या टोकापासून निघतात.

घरी कोणती कामं करावीत आणि कोणती करू नयेत?

काम चुकलं तर गाडी फक्त बंद पडेल, असं असेल तर घरी करा. चुकल्यावर गाडी थांबणारच नसेल किंवा वळणारच नसेल, तर पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून करा. दिवे, कॅमेरा, स्पीकर, प्लग, फिल्टर, सीट, आवाजरोधक पत्रे ही पहिल्या गटातली कामं. ब्रेक आणि शॉकअप दुसऱ्या गटातले. एअरबॅग, स्टीअरिंग कॉलम आणि स्ट्रटमधली, म्हणजे शॉकअपभोवतीची, दाबलेली स्प्रिंग यांना मी घरी हात लावत नाही. ती स्प्रिंग चुकीच्या हातात सुटली तर जीव घेऊ शकते, ही अतिशयोक्ती नाही.

हत्यारं काय काय लागतील?

८ ते १९ मिलिमीटरचे सॉकेट आणि रिंग पाने, टॉर्क पाना, मल्टिमीटर, चांगला क्रिंपिंग पक्कड, ट्रिम उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि दोन जॅक स्टँड. स्क्रू ड्रायव्हरनं डॅशबोर्ड उचकटला तर व्रण कायमचा राहतो. यात आणखी एक भर घाला: ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनाचा संगणक तपासायच्या सॉकेटमध्ये, बसणारा ब्लूटूथ रीडर. नखाएवढ्या खर्चात इंजिन काय म्हणतंय ते फोनवर दिसतं. बदल करण्याआधीचे आकडे टिपून ठेवले की नंतर नुसत्या 'वाटण्यावर' विसंबावं लागत नाही. त्यात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो: संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त इंधन सोडतोय ते तो सांगतो. इंजिन गरम असताना तो १० टक्क्यांच्या वर किंवा उणे १० च्या खाली सतत राहत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा सेन्सर चुकतो आहे. ते आधी शोधा.

फक्त जॅकवर गाडी उचलून काम केलं तर चालेल का?

नाही. पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. सपाट, टणक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, वजन जॅक स्टँडवर, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं. स्टँड घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसेल. गाडीखाली जाण्याआधी तिला बाजूनं एक बऱ्यापैकी धक्का देऊन बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

मोठे टायर टाकायचे आहेत. किती मोठे चालतील?

टायरवरचे आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. एकूण व्यास काढू: १६५ चे ८० टक्के १३२, वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर १५ घ्या: २४०.५ अधिक ३८१, म्हणजे ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून एकाच गाडीच्या साध्या आणि महाग मॉडेलला अशा जोड्या दिलेल्या दिसतात. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर ६२०.९ येतात, म्हणजे पुन्हा तेच.

नुसता रुंद टायर घेतला आणि टक्केवारी तशीच ठेवली की गणित फसतं. १८५/८० आर १४ चा व्यास ६५१.६ होतो, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर १०५ वर असेल. गिअरिंग उंच झाल्यामुळे पिकअप मरेल आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासेल. मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत राहायचं हा जुना आडाखा आहे. मी दीड टक्क्याच्या आत राहतो.

आकाराच्या पुढे छापलेला '८४ टी' सारखा मजकूरही वाचा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो वजन चालतं, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. नवा टायर मूळच्यापेक्षा कमी क्षमतेचा नको. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यात आधी आठवडा, मग वर्ष. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात 'नवा' म्हणून चार वर्षांचा टायर मिळणं अजिबात दुर्मीळ नाही, म्हणून पैसे देण्याआधी चारही टायरचे शिक्के स्वतः वाचा.

एका जागी मन मोठं करायचं तर इथेच. गाडीचा रस्त्याशी संबंध हाताच्या पंजाएवढ्या चार ठिपक्यांपुरता असतो. त्याच मापाचा, पण चांगल्या रबराचा टायर टाकला तरी ब्रेक, वळण आणि पावसातली पकड तिन्ही एकदम सुधारतात. बाकी कुठलाही एकच बदल हे करत नाही.

अॅलॉय व्हील निवडताना काय बघायचं?

दिसण्याखेरीज चार गोष्टी. बोल्टचं वर्तुळ: बऱ्याच छोट्या गाड्यांत चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर व्यास असतो, पण सगळ्यांत नाही. मधलं भोक: ते हबवर चपखल बसलं पाहिजे. मोठं असेल तर मधे रिंग घाला, नाहीतर ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसता. ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी सपाटी रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे: तो बराच बदलला की चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टीअरिंग रस्त्याच्या चऱ्यांमागे ओढलं जातं. आणि वजन, जे कुणीच विचारत नाही. स्वस्तातलं जाडजूड अॅलॉय मूळच्या लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि ते फिरतंही, त्यामुळे तिथला एकेक किलो खड्ड्यातही जाणवतो आणि पिकअपमध्येही.

मूळ नट अॅलॉयला चालतील असं गृहीत धरू नका. नटाचं बसायचं तोंड निमुळतं आहे की गोल, ते जुळलं पाहिजे. बसवल्यावर साधारण ५० ते १०० किलोमीटर चालवून टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.

हेडलाइट फार मंद आहेत. १०० वॅटचे बल्ब टाकू?

टाकू नका. हे मी स्वतः करून होल्डर वितळवलेला आहे. एच ४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर. १०० वॅटला तेच ८ च्या वर जातात. छोट्या गाडीची वायर, स्विच आणि होल्डर त्या हिशेबानं केलेले नसतात. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि जास्त वॅटचा बल्ब लावूनही उजेड पूर्वीपेक्षा कमी पडतो.

त्याऐवजी मल्टिमीटर घ्या. इंजिन सुरू ठेवा, हेडलाइट लावा आणि बॅटरीवर किती व्होल्ट आहेत ते बघा. समजा १३.८. मग बल्बच्या पाठीमागच्या पिनांवर मोजा. तिथे १२.२ दिसले तर उरलेले व्होल्ट वायर आणि स्विचमध्येच जिरत आहेत. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी झपाट्यानं उतरतो. एवढ्या फरकात साधारण एक तृतीयांश उजेड हरवतो. उपाय म्हणजे रिले हार्नेस. रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर रिलेच्या ३० नंबर पिनला, ८७ वरून बल्बला, आणि जुन्या हेडलाइटच्या वायरनं फक्त ८५-८६ मधली कॉइल चालवायची. बल्ब तोच, वॅट तेवढेच, पण उजेड पांढरा आणि भरपूर. आर्थिंगची वायरही नवी टाका, ती हमखास विसरली जाते.

काच धुरकट झाली असेल तर ती आधी घासून पॉलिश करा आणि वरून अतिनील किरण अडवणारा थर द्या. तो थर दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

आणि हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब?

रिफ्लेक्टर हा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकारात बसत नाही. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुम्हाला लांबचा रस्ता कमीच दिसतो. बऱ्याच देशांत असा बदल नियमाबाहेर आहे. कुठलाही बल्ब बदलण्याआधी भिंतीसमोर गाडी उभी करून उजेडाची कड टेपनं आखून ठेवा. बदलल्यावर त्याच जागी उभी करून जुळवा. फुकटातलं काम आहे, तरी शंभरातला एखादाच करतो.

डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, जास्तीचे दिवे: वायरिंग कसं करावं?

फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. एवढं नीट समजलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात. बॅटरीवरून वायर ओढली तर फ्यूज बॅटरीच्या जवळ, अर्ध्या मीटरच्या आत. कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली गेली तर तिला अडवणारं कुणी नसतं. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीनुसार घ्यायचा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणारा माणूस गाडीला काडी लावायचीच बाकी ठेवतो.

पत्र्यातल्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. जोड पिळून चिकटपट्टी लावलेला नको. क्रिंप करा किंवा डाग द्या आणि वरून आकसणारी नळी चढवा. कापड टेप खडखड थांबवते, साधी प्लॅस्टिक टेप उन्हाळ्यात गोंद सोडून लोंबते. डॅशकॅमसाठी फ्यूज बॉक्समध्ये बसणारा जोडफ्यूज मिळतो, तो वापरा. मूळ वायर कापू नका. रिव्हर्स कॅमेऱ्याला करंट रिव्हर्सच्या दिव्याकडून घ्यायचा. वायर डिकीच्या झाकणातून जाताना तिथल्या रबरी नळीतूनच न्या, नाहीतर झाकण उघडता-मिटता ती तुटेल.

बॅटरी किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीत ५० मिलीअँपिअरपर्यंत गळती नेहमीची. ३५ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी त्यावर पूर्ण रिकामी व्हायला ७०० तास, म्हणजे जवळपास महिना. पार्किंग मोडमधल्या डॅशकॅमनं तीच गळती २५० मिलीअँपिअरवर नेली तर १४० तास, म्हणजे सहाच दिवस. आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात टेकतो. म्हणून ठरावीक व्होल्टला आपोआप बंद होणारा कॅमेरा घ्या. गळती मोजताना गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. तिच्यातले संगणक झोपायला वेळ घेतात.

हॉर्न बदलताना रिले लागतो का?

दोन हॉर्न लावत असाल तर लागतो. नाहीतर स्टीअरिंगमधला संपर्क जळतो, आणि तो बदलणं हॉर्नपेक्षा कितीतरी महाग पडतं.

म्युझिक सिस्टिम चांगली करायची आहे. कुठे पैसे घालू?

पुढच्या दोन दारांत. मागच्या शेल्फवर मोठे स्पीकर ठेवायची हौस सगळ्यांना असते, पण गाणारा माणूस समोर असतो, पाठीमागे नाही. पुढे चांगले वेगळ्या ट्विटरचे स्पीकर घाला. दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करा आणि स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्यावर ब्यूटाइलचा पत्रा, म्हणजे कंपन थांबवणारी चिकट रबरी पट्टी, चिकटवा. दार म्हणजे स्पीकरचं खोकं. खोक्याला भोकं असतील तर बेस बाहेर निघून जातो. एवढं करून मूळ प्लेअरवर महिनाभर ऐका. बऱ्याच जणांना पुढे काही लागत नाही.

अँप्लिफायर घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा '२००० वॅट' सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा बघा. चार चॅनलना प्रत्येकी ५० वॅट म्हणजे २०० वॅट. क्लास डी प्रकारचा, साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण जोरात १८ अँपिअर घेईल. छोट्या गाडीचा अल्टरनेटर एसी, दिवे, वायपर सांभाळून एवढं देऊ शकतो. एक हजार वॅटचा सबवूफर मात्र त्याला जड जाईल. गाण्याच्या ठोक्यावर हेडलाइट मिचकायला लागले तर समजायचं की वीज पुरत नाही.

करंटची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. आर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट घट्ट करा आणि वरून गंजरोधक लावा. सगळं झाल्यावर बेस पातळ वाटला तर नवा स्पीकर शोधायच्या आधी एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे करून बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

ब्रेक सुधारायचे असतील तर डिस्क मोठ्या कराव्यात?

जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस थडथडत असेल किंवा चाकं लॉक होत असतील, तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीच आहे. मोठी डिस्क लावून गाडी लवकर थांबणार नाही, टायरनं थांबेल. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णता पचवायला, म्हणजे लांब घाटउतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लागतात तेव्हा.

साध्या गाडीला चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल पुरतं. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि मग तीच मर्यादा डॉट ३ ची १४० आणि डॉट ४ ची १५५ वर उतरते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. डॉट ३ च्या गाडीत बहुधा डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

नवे पॅड बसवल्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मधे थंड होऊ द्या. आणि गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल दोन-चारदा दाबून कडक करून घ्या. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल हवेत जातं. माझ्या घराचं फाटक त्या पहिल्या पेडलची आठवण अजून अंगावर बाळगून आहे.

मागच्या ड्रमऐवजी डिस्क बसवणं घरचं काम नाही. पुढचे-मागचे ब्रेक ठरलेल्या प्रमाणात लागतात. ते बिघडलं तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरते.

गाडी खाली घ्यायची आहे. स्प्रिंग कापली तर?

सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगला सांभाळेल असा राहतो. गाडी बेडकासारखी उड्या मारते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. खाली घ्यायचीच तर त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि जुळणारे शॉकअप एकत्र घ्या, २५-३० मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नका आणि नंतर अलाइनमेंट करा.

उलट बाजूनं, उंची वाढवायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे अडकवतात, ते मला त्याहून वाईट वाटतात. सगळा ताण ठोकळ्याशेजारच्या वेढ्यावर येतो.

शॉकअप नेहमी जोडीनं बदला. बुशाचे, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांतल्या रबरी भागांचे, बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे टाइट करू नका. चाकांवर वजन आल्यावर करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे चांगल्या गॅरेजमध्येसुद्धा चुकताना पाहिलंय.

पिकअप वाढवायला काय करू? कोन फिल्टर, सायलेन्सर, रीमॅप?

आता मूळ मुद्द्यावर आलात! कोन फिल्टर म्हणजे शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. तो बोनेटखाली उघडा बसतो आणि इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्के उतरते, म्हणजे ताकदही तेवढी घटते. कारखान्याचा डबा बहुधा समोरून थंड हवा घेतच असतो. कोन फिल्टरनं वाढतो तो आवाज, आणि कान पायाला फसवतात. तेल लावायचे कापडी फिल्टर जास्त माखले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसतो.

सायलेन्सरचा शेवटचा भाग बदलून टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात हाती फारसं काही लागत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विचारही नको. धूर विषारी होतो, कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच दिवा पेटवतो आणि कायदा जवळपास सगळीकडे आड येतो.

रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलण्याचा, हिशेब इंजिनावर आहे. टर्बो असेल तर २०-३० टक्के वाढ सहज निघते, कारण टर्बोचा दाब वाढवता येतो. टर्बो नसेल तर पाच-सात टक्के निघाले तरी पुष्कळ. टर्बो गाडीत ती वाढ क्लच आणि गिअरबॉक्स किती दिवस सोसतील हा खरा प्रश्न, आणि त्यांच्यात जास्तीचं किती दिलेलं नसतं ते वर आलंच आहे.

एक गंमत सांगतो. ९०० किलोच्या, ८० अश्वशक्तीच्या गाडीतून ४५ किलो उतरवले की वजनाच्या प्रमाणात चार अश्वशक्ती वाढल्यासारखं होतं. डिकी उघडा. जुनी पत्रिका, पाण्याचे कॅन, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला दोरखंड... माझ्या डिकीतून एकदा १९ किलो निघाले होते, त्यात कुणाचा तरी डंबेलही होता.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि इरिडियम प्लग?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ठोका सहन करायची क्षमता. मॅन्युअल मागत नसेल तर फायदा जवळपास शून्य. इरिडियम प्लग ताकद देत नाहीत, टिकतात जास्त. बदलताना तापमान श्रेणी मूळचीच ठेवा आणि प्लग आधी हातानं फिरवून बसवा. हेडचे आटे गेले तर पान्याचा दोष नसतो.

लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचं मायलेज वाढवणारं यंत्र?

आत एक दिवा आणि एक-दोन सुटे भाग असतात. दिवा मात्र छान लागतो.

सीट कव्हर, बंपरवरचा लोखंडी गार्ड यांत काही धोका?

सीटच्या बाजूला एअरबॅग लिहिलेलं लेबल असेल तर साधं कव्हर चढवू नका. एअरबॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. लोखंडी गार्ड बंपरमागच्या चुरगळणाऱ्या भागाचं काम बिघडवतो, एअरबॅगच्या सेन्सरला धक्का वेगळा पोचू शकतो आणि पायी चालणाऱ्याला तो जास्त लागतो. पिवळ्या रंगाचे, म्हणजे एअरबॅगचे, कनेक्टर दिसले की हात मागे घ्या, मल्टिमीटरसुद्धा लावू नका. पुढच्या खांबातून डॅशकॅमची वायर नेताना पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून जाऊ द्या, पुढून नको.

आत आवाज फार येतो. पत्रे चिकटवून कमी होईल?

कमी होईल, नाहीसा होणार नाही. ब्यूटाइलचा पत्रा कंपन थांबवतो, आवाज अडवत नाही. म्हणून पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. मधल्या मोठ्या सपाट भागावर तीसेक टक्के पुरतो, बाकीचं नुसतं वजन. पत्रा स्पिरिटनं पुसून घ्या आणि रोलरनं जोर लावून दाबा. दाराच्या तळाची पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर दार आतून कुजेल. चाकांचा घोंघाट मुख्य त्रास असेल तर आधी टायर बघा. झिजून खडबडीत झालेला टायर जितका ओरडतो तितकं पत्रे अडवू शकत नाहीत.

मागे स्पॉयलर?

आवडत असेल तर लावा. शहरातल्या वेगाला तो फक्त आरशात दिसतो.

नियम, विमा आणि वॉरंटीचं काय?

काचेवरची फिल्म, दिव्यांचा रंग, सायलेन्सरचा आवाज, चाक मडगार्डबाहेर येणं, इंजिनातले बदल: यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले वाचा. दुकानदाराचं 'सगळे लावतात' हा परवाना नव्हे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, कारण न कळवलेला बदल दावा नाकारायला सोपं निमित्त ठरतो. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली की वाद सुरू झाला समजा. म्हणून कनेक्टरमध्ये बसणारे हार्नेस थोडे महाग असले तरी परवडतात.

काम झालं आणि गाडी सुरूच होईना. आता?

शेवटी कशाला हात लावला होता? तिथेच जा. बॅटरीचं टर्मिनल हातानं फिरतंय का, एखादा फ्यूज उडालाय का, सोडलेलं आर्थिंग परत लावलंय का, सेन्सरचा कनेक्टर 'टक' करून बसलाय का. म्हणूनच एका सुट्टीत एकच काम घ्यायचं. तीन कामं एकदम केलीत तर संशयितही तीन. काम करताना दर टप्प्याला फोनवर फोटो काढा. स्क्रू कुठल्या भोकातला होता हे रात्री आठवत नाही.

काढलेले मूळ भाग टाकून द्यावेत का?

मुळीच नाही. एकेका पिशवीत घाला, त्यातच त्याचे स्क्रू, वरून तारीख आणि मोजलेले किलोमीटर लिहून चिकटवा. गाडी विकताना अनोळखी माणसाला बदललेल्या गाडीपेक्षा मूळ गाडी हवी असते, आणि तुमचे स्पीकर-अॅलॉय पुढच्या गाडीत जाऊ शकतात. माझ्या माळ्यावर दोन लोखंडी रिम आणि एक पिपाणी हॉर्न अजून आहे. तो हॉर्न नव्या गाडीच्या हॉर्नपेक्षा बरा होता, हे आता कळतंय.